झाकण स्वतःहून उघडते का

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार. राऊ (इंदूरजवळ)

जे झाले ते आधी क्रमाने.

१. आमच्या प्रोटीनमध्ये एक पोकळी आहे. तिच्या तोंडावर बारा अमिनो आम्लांचा लवचीक पट्टा आहे. त्याला आम्ही झाकण म्हणतो. पेशीत असताना पोकळीत चरबीचा एक रेणू येऊन बसतो. त्याला पाहुणा म्हणतो.

२. नोव्हेंबर २०२३ मध्ये माझा सहकारी अभिराम याने हे प्रोटीन बनवले. पाहुणा काढून, रिकामे.

३. डिसेंबरमध्ये मी ते एनएमआर यंत्रावर, म्हणजे मोठ्या मॅग्नेटमध्ये ठेवून, मोजले. आत कोणी नसतानाही झाकण उघडत-मिटत होते, सेकंदाला साधारण नऊशे वेळा.

४. जानेवारी २०२४ मध्ये अभिराम स्वीडनला गेला.

५. पेपर या महिन्याच्या १४ तारखेला स्वीकारला गेला. झाकण स्वतःहून उघडते, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. पहिली दोन नावे अभिरामची आणि माझी, शेवटचे आमच्या मार्गदर्शक अमिता मॅडमचे. हा पेपर छापून आल्याशिवाय माझा प्रबंध सादर होत नाही.

६. पुढच्या कामासाठी शिवांगीने तेच प्रोटीन नव्याने बनवले. बुधवार ते शनिवार मी ते मोजले.

७. झाकण उघडत नाही.

प्रयोगाच्या वहीत सातवा मुद्दा लिहून मी सही केली. त्या वहीत ‘मला वाटते’ लिहायची पद्धत नाही. ही वही त्यासाठी आहे, पण मला नेमके काय वाटते ते आज ठरलेले नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी मॅग्नेटमध्ये द्रव नायट्रोजन भरतात. दुपारपर्यंत मोजणी बंद. शिवांगीला विचारायला हाच वेळ बरा होता. ती पहिल्या वर्षाला आहे, इंदूरचीच, मला दीदी म्हणते आणि उरलेल्या जगाला, यंत्रे धरून, भिया, म्हणजे भैया, म्हणते.

“चरबी काढायला कॉलम किती वेळा चालवलास?”

“तीन बार, दीदी. सदतीस डिग्रीवर. पाणी थंड तर होत नाही ना, म्हणून मी तिथेच बसून राहिले. मोबाइलची बॅटरी खतम झाली, पण उठले नाही.”

“शुद्धता?”

“एकदम साफ. फोटो पाठवला ना तुम्हाला. माझ्यावर शक करताय का?”

“सगळ्या शक्यता तपासते आहे.”

“म्हणजे शकच.” ती सेंट्रीफ्यूजकडे वळली. “सुन लो भिया, आपले हात खराब आहेत म्हणे.”

मी हसले नाही. तिच्या ट्यूबवर ‘एस-१, शंकास्पद’ अशी पट्टी लावली. ती तिने पाहिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्रीची सुटी. इमारतीत मी आणि मॅग्नेट.

घड्याळ दाराबाहेरच्या ट्रेमध्ये काढून ठेवावे लागते. आत गेल्यावर वेळ फक्त पंपाच्या आवाजावर चालते. तो सेकंदाला एकदा ‘ट्युक’ करतो, चिमणीला सर्दी झाल्यासारखा. मॅग्नेटच्या पोटात शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंश असतात. बाहेरून हात लावला तर तो खोलीइतकाच कोमट लागतो. पाच वर्षांत मी त्याला रोज एकदा हात लावला आहे. याचा मोजणीशी संबंध नाही.

मी नक्की काय मोजते ते एकदा साध्या भाषेत लिहून पाहते, म्हणजे चूक असेल तर दिसेल.

मॅग्नेटमध्ये प्रोटीनच्या प्रत्येक नायट्रोजन अणूची एक रेषा मिळते. जो अणू दोन जागांमध्ये ये-जा करतो त्याची रेषा पसरते. मग मी रेडिओ लहरींचा पल्स देते. पल्स म्हणजे भरकटलेल्याला परत वाटेवर वळवणे. ये-जा जितकी भरभर असेल त्याहून भरभर वळवत राहिले, की भरकटायला वेळच उरत नाही आणि रेषा पुन्हा बारीक होते. किती वेळा वळवल्यावर बारीक झाली, त्यावरून तो किती वेळा जात होता ते कळते. आलेखावर हे एका उतरत्या वक्रासारखे दिसते. कोणी कुठे जात नसेल तर सरळ आडवी रेषा मिळते.

त्याला जाताना कोणी पाहिलेले नाही. पाहता येत नाही. शंभरातले सत्त्याण्णव रेणू मिटलेले असतात आणि तीन उघडे. त्या तिघांची स्वतःची रेषा इतकी फिकी असते की दिसतच नाही. मिटलेल्यांवर त्यांचा जो परिणाम होतो तेवढाच दिसतो. सगळा पेपर त्या न दिसणाऱ्या तीन टक्क्यांबद्दल आहे.

वरच्या परिच्छेदांत चूक सापडली नाही.

दुपारी खुर्चीत डुलकी लागली. स्वप्नात मी फार लहान होते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बसले होते. आत ऊब होती. झाकण उघडत होते, पण इतके भरभर की उजेड सलग वाटत होता. बाहेरून कोणीतरी विचारले, “उघडं आहे की बंद?” मी म्हणाले, सरासरी काढून सांगते. उत्तराची वाट न पाहता पावले निघून गेली. जागी झाले तेव्हा पडद्यावरच्या नोंदीप्रमाणे बारा मिनिटे गेली होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मिथेनॉलच्या ट्यूबने आतले तापमान तपासले. फरक ०.२ अंश. यंत्र निर्दोष.

१ मार्च, शनिवार

आईला डोळे तपासायला पलासियाला दवाखान्यात नेले. दारातल्या मुलीने “सुलोचना जी!” अशी हाक मारली आणि आई शाळेत हजेरी दिल्यासारखी “हाँ जी” म्हणून उभी राहिली. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. दोन तास तिला जवळचे काही दिसणार नव्हते.

बाहेर आलो तर ऊन. चौकात गाड्या अडकलेल्या, हॉर्न. आई माझा दंड धरून उभी राहिली आणि म्हणाली, “किती छान दिसतंय सगळं. कडाच नाहीत कशाला.”

रिक्षात तिने विचारले, “तुझं ते प्रोटीन काय म्हणतंय?”

“हलत नाहीये.”

“आधी हलत होतं ना? पेपरात द्यायचं होतं तुम्हाला.”

“पेपरात नाही गं. पेपर म्हणजे...”

“पता है मला. चिडू नको.” ती माझ्या चेहऱ्याच्या दिशेने, पण जरा बाजूला पाहत होती. “आणि तो अभिराम? तो नाही का सांगू शकत? त्यानेच तर बनवलं होतं.”

“तो स्वीडनला आहे, आई.”

“स्वीडनला फोन जात नाही वाटतं. दिवाळीत त्याचा आला होता, तू उचलला नाहीस. मग मी बोलले त्याच्याशी.”

“मी त्याला मेल केला होता.”

“हो, मेल केलास.” छत्रीबागेत घराच्या गल्लीच्या तोंडाशी उतरताना ती म्हणाली, “तुझं प्रोटीन तरी पूर्वी हलत होतं.”

तिला पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून वरपर्यंत सोडले. चहा घेतला नाही.

३ मार्च, सोमवार

नायट्रोजन. मोजणी नाही.

शिवांगीच्या सॅम्पलवर आतापर्यंत चार चाचण्या केल्या: क्षार, आम्लता, रेणूचे वजन आणि त्याची घडी. चारही व्यवस्थित. अभिरामच्या सॅम्पलवर एकही चाचणी केलेली नाही. त्याच्या दोन ट्यूब उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये आहेत. आधी त्याच तपासणे सोपे होते. तसे का केले नाही याचे कारण नोंदवता येत नाही.

४ मार्च, मंगळवार

अभिरामची वही काढली.

आमच्या प्रोटीनला चरबीची हाव आहे. बॅक्टेरियात वाढवताना तिथलीच चरबी पोकळीत शिरून बसते. ती काढायला प्रोटीन एका गरम कॉलममधून सोडतात. कॉलम चरबी धरून ठेवतो, प्रोटीन खाली उतरते. एका फेऱ्याला दोन तास लागतात. एका फेऱ्यात सगळी चरबी निघत नाही, म्हणून तीन.

तारीख १८ नोव्हेंबर २०२३, शनिवार. ‘कॉलम, ३७ अंश’, पुढे तीन टिक. तिन्ही एकाच शाईत, एकाच कलात.

ही त्याची सवय मला माहीत आहे. दिवसभर काय करायचे ते तो सकाळीच वहीत लिहितो आणि लिहितानाच टिक करून ठेवतो. मी एकदा त्याला म्हणाले होते की हे चूक आहे. तो म्हणाला होता, “अगं, करायचंच आहे ना? नंतर हात ओले असतात.” आणि तो नेहमी करायचाही. त्याने लिहिलेले एकही काम झाले नाही असे तो इथे असताना मी कधी पाहिले नाही.

पंपाच्या नोंदीत सुरुवात १२:४० ला आहे. तीन फेरे म्हणजे संध्याकाळचे ६:४०.

त्या दिवशी ३:१० ला आम्ही इमारतीतून बाहेर पडलो. हे मला माहीत आहे कारण मी बरोबर होते.

५ मार्च, बुधवार

त्या दिवसाची माझी स्वतःची नोंद, जुन्या वहीतून उतरवून:

‘१८ नोव्हें. सिरपूर तलाव, अभिरामबरोबर. ३:५२ ते ५:४०. बदके: मी १९८, तो २१२. सरासरी २०५. थंडी नव्हती. अभिरामने स्वीडनबद्दल मत विचारले. ऑफर चांगली आहे असे सांगितले. ६:३५ ला त्याने राऊला सोडले.’

नोंद बरोबर आहे. तिच्यात जे नाही ते असे.

सिरपूरला जाऊ या, असे तो ऑक्टोबरपासून सात वेळा म्हणाला होता. सातही वेळा काही ना काही चालू होते. त्या शनिवारी त्याने विचारले नव्हते. तो कॉलमपाशी स्टुलावर बसून थेंब पडताना पाहत होता. पहिला फेरा संपला होता. खिडकीतून ऊन कॉलमवर आले होते आणि प्रत्येक थेंब पडण्याआधी क्षणभर पिवळा होत होता. मी दारात उभी होते. मी म्हणाले, “सिरपूरला जायचं असेल तर आत्ता निघावं लागेल. साडेपाचनंतर उजेड नसतो.”

त्याने आधी कॉलमकडे पाहिले, मग माझ्याकडे. “आत्ता?”

“नसेल जमत तर राहू दे.”

“जमत नाही कसं,” तो म्हणाला आणि कॉलम गरम ठेवणारी पाण्याची टाकी बंद केली. “बस, हो गया.”

मला वाटले, एक फेरा पुरेसा आहे असे त्याने ठरवले असेल. कॉलम त्याचे काम होते. मी विचारले नाही.

तलावावर बदके खूप लांब होती आणि सगळी एकाच दिशेला तोंड करून स्थिर दिसत होती. पण मोजून होईपर्यंत त्यांची जागा बदललेली असायची. म्हणून आमचे आकडे जुळले नाहीत. पाणी रंगहीन होते. मी त्या एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांत घड्याळ दोनदाच पाहिले, पोचताना आणि निघताना. हे माझ्याबाबतीत कमी आहे.

उरलेले दोन फेरे त्याने रविवारी केले असतील. शक्य आहे. प्रोटीनला विचारता येईल.

९ मार्च, रविवार

अभिरामच्या दोनपैकी एक ट्यूब काल वितळवली. तिच्यातले प्रोटीन गरम कॉलममधून तीन वेळा सोडले. मी स्वतः, सहा तास, स्टुलावर बसून. मोजणी आज सकाळी लावली.

थेंब पाहत बसण्यात एक गुंगी आहे हे मला माहीत नव्हते. इतकी वर्षे मला तयार ट्यूब मिळत आली.

शिवांगी चौथ्या तासाला येऊन शेजारी उभी राहिली. “दीदी, माझ्या वेळेला पंखापण बंद ठेवला होता मी. पाणी थंड होईल म्हणून.”

“हो. मी पण ठेवला आहे.”

“तेच बघितलं. घाम आलाय तुम्हाला. पहली बार.”

११ मार्च, मंगळवार

दोन निकाल.

एक: अभिरामचे सॅम्पल, साफ केल्यानंतर. आडवी रेषा. झाकण उघडत नाही.

दोन: शिवांगीच्या सॅम्पलमध्ये मी मुद्दाम पाहुणा घातला. शंभर प्रोटीनमागे तीन रेणू, फक्त तीन. वक्र परत आला. सेकंदाला नऊशेच्या आसपास. डिसेंबर २०२३ चा आलेख त्याच्यावर ठेवला तर दोन्ही एकमेकांवर बसतात.

म्हणजे कॉलमचा एकच फेरा झाला होता. तीन टक्के पाहुणे आत राहिले होते. ते या रेणूतून त्या रेणूत जात होते, आणि ते आले-गेले की झाकण हलत होते. मी ते मोजले आणि ‘स्वतःहून’ लिहिले. दुसऱ्या सांद्रतेवर, म्हणजे पाण्यातले प्रोटीनचे प्रमाण बदलून, एकदा मोजले असते तर वेग बदलला असता आणि तेव्हाच कळले असते. सॅम्पल थोडे होते म्हणून मी ते टाळले. हा निर्णय माझा होता, अभिरामचा नाही.

आठ महिने मी या झाकणाबद्दल लिहीत होते. कोणी नसतानाही ते उघडते, कोणासाठी नाही, नुसतेच, हे मला फार पटले होते. सगळ्या पेपरमध्ये तेच एक वाक्य मी न खोडता पहिल्यांदाच बरोबर लिहिले होते. आता दिसते की ते कोणी आल्याशिवाय उघडत नाही. निदान मला मोजता येईल इतके तरी नाही.

शिवांगीच्या ट्यूबवरची पट्टी काढून नवी लावली: ‘एस-१, उत्तम’.

ती म्हणाली, “दीदी, सॉरी म्हणायचं असेल तर सीधे म्हणा ना. पट्टीवर काय लिहिता!”

मी म्हणाले, “सॉरी.”

“हाय राम,” ती म्हणाली आणि खरोखर खाली बसली.

१२ मार्च, बुधवार

अमिता मॅडमना दोन्ही आलेख दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आलेख पाच मिनिटे पाहिले. मग म्हणाल्या, “दरवाजा लाव जरा.”

लावला.

“प्रूफ कधी येतायत?”

“आले. काल. चोवीसपर्यंत परत द्यायचे.”

“देख, निवेदिता. डेटा खोटा नाहीये. जे मोजलं ते खरंच हलत होतं. अर्थ चुकला. प्रूफमध्ये एक ओळ घालू, की अंशतः चरबी शिल्लक असण्याची शक्यता आहे. लोक समजून घेतात. और रिपीट कोण करतंय? कोणाकडे वेळ आहे?”

मी सांगितले की एक ओळ पुरणार नाही. शीर्षकातच तो दावा आहे. ती ओळ खरी ठरली तर शीर्षक खोटे ठरते.

मॅडमनी आलेख परत पुढे ओढले. त्या वाईट नाहीत. या पेपरसाठी त्यांनी तीन वेळा प्रस्तावना लिहिली, दोनदा त्यांच्या मुलीच्या परीक्षेच्या काळात.

“तुझा प्रबंध अडकेल. एक वर्ष, कमीत कमी.”

“हो.”

“आणि अभिराम? त्याची अठ्ठावीसला मुलाखत आहे, माहितीये ना? परत येतोय तो, हिंदुस्तानात. कायमची पोस्ट आहे. त्याच्याकडे दाखवायला हाच पेपर आहे.”

हे मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले.

“तुला नाही सांगितलं?” त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. “चल, ठीक. पेपर मागे घ्यायचा असेल तर तिघांची संमती लागेल. माझी आहे. रडत देईन, पण आहे. त्याला तू लिही.”

“तुम्ही लिहिलंत तर जास्त योग्य होईल.”

“नाही. मी लिहिलं तर तो समजेल की मॅडम चिडल्यात, मग सगळं आपल्या डोक्यावर घेऊन मोकळा होईल. तुझं तो ऐकतो.”

तो सगळ्यांचेच ऐकतो. मी हे मॅडमना सांगितले नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. छत्रीबागेत. आईने फक्त कपाळाला गुलाल लावला, तोही विचारून. खाली मुले पाण्याच्या पिचकाऱ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला भिजवत होती. मी गच्चीवर बसून पत्राचा मसुदा डोक्यात करत होते. गुलालाचा एक ढग गल्लीतून वर आला, गच्चीच्या उंचीला थांबला आणि मग हळूहळू कुठेच न जाता दिसेनासा झाला. बहुधा साठ-सत्तर सेकंद. मसुद्याचे पहिले वाक्य ठरले नाही.

१५ मार्च, शनिवार

चार मसुदे.

पहिल्यात ‘तुझ्या वहीतल्या नोंदीनुसार’ असे होते. खोडले. त्यातून चूक फक्त त्याची दिसते. दुसऱ्यात ‘काही कारणाने कॉलमचे दोन फेरे राहिले’ असे होते. ते कारण मला माहीत आहे, तेव्हा ‘काही’ लिहिणे अचूक नाही. तिसरा फार लांब झाला, त्यात बदके आली. चौथा ठीक होता, पण वाचून पाहिला तर एखाद्या कार्यालयाने एखाद्या कार्यालयाला लिहिल्यासारखा वाटला.

न पाठवण्याचा विचारही केला, हे लिहून ठेवते. मॅडमची एक ओळ. पेपर छापून येतो, मी प्रबंध देते, त्याला पोस्ट मिळते, तो परत येतो. कोणी पुन्हा मोजत नाही. हा विचार मी साधारण चाळीस मिनिटे केला आणि तो चांगला वाटत होता. त्यात दुपार होती, एक मोठी खिडक्यांची प्रयोगशाळा होती, त्याच्या नावाची पाटी होती, आणि मी कशासाठी तरी तिथे गेलेली होते. कशासाठी ते दिसत नव्हते. मग लक्षात आले की त्या खोलीत गेल्यावर मला त्याच्याशी या प्रोटीनबद्दल बोलताच येणार नाही. कधीच.

१६ मार्च, रविवार

सकाळी १०:२० ला पाठवलेले पत्र, जसेच्या तसे:

‘अभिराम,

सोबत तीन आलेख आहेत. आधी ते पाहा, मग पुढचे वाच.

तुझे १८ नोव्हेंबर २०२३ चे सॅम्पल मी पुन्हा साफ करून मोजले. झाकण उघडत नाही. पूर्ण रिकाम्या सॅम्पलमध्ये तीन टक्के चरबी घातली की जुना वक्र जसाच्या तसा मिळतो. म्हणजे आपण पाहुण्याची ये-जा मोजली आणि ती झाकणाची स्वतःची हालचाल समजलो. पेपरचा मुख्य दावा चुकीचा आहे.

तुझ्या वहीत कॉलमला तीन टिक आहेत. पंपाच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी एकच फेरा झाला. उरलेले फेरे राहिले कारण मी तुला निघायला सांगितले. तू विचारले नव्हतेस. मी म्हणाले, कारण मला जायचे होते. हे मी आतापर्यंत कुठे लिहिले नव्हते आणि तुला सांगितलेही नव्हते. दुसऱ्या सांद्रतेवर मी मोजले नाही, हीही माझी चूक. संपादकांना जाणाऱ्या पत्रात दोन्ही गोष्टी लिहीन. त्यात सिरपूर लिहायची गरज नाही, पण काम अर्धवट राहिले ते माझ्या सांगण्यावरून, हे असेल.

तुझी अठ्ठावीसला मुलाखत आहे हे मॅडमकडून कळले. या पत्राने तुझे किती नुकसान होईल ते मला मोजता येत नाही. माझा प्रबंध वर्षभर पुढे जाईल. तुझे त्याहून जास्त होऊ शकते. मुलाखतीत हे आपण स्वतःच शोधले असे सांगता येईल, आणि ते खरे आहे. नवे आलेख हवे तसे वापर. खाली तुझेही नाव आहे.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, राहिलेले फेरे तू नंतर, दुसऱ्या कुठल्या दिवशी केले होतेस का. दोन, पेपर मागे घ्यायला तुझी संमती आहे की नाही. मॅडमची आहे, माझी आहे. तुझी नसेल तर तसे स्पष्ट लिही. मी तुझ्यावर दबाव आणणार नाही, पण माझे नाव काढून घेईन.

लेखी उत्तर नोंदीसाठी लागेल. त्याआधी फोन करावासा वाटला तर कर. मी उचलेन.

प्रूफ सोमवारी, चोवीसला परत द्यायचे आहेत. त्यामुळे शुक्रवार, २१ मार्च, आपल्याकडच्या संध्याकाळी सहापर्यंत उत्तर दे.

निवेदिता’